हळदकुंकवाचं पाकीट

॥ श्री ॥
धुळे, ९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. भाऊ यांस,
धाकट्या ललिताचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र बघून वहिनी घाबरेल, धुळ्याहून टपाल, कोणाचं काय झालं. कोणाचं काही झालेलं नाही. फोनवर आपली दोन वाक्यं झाली की तुला मंडळाची मीटिंग आठवते, आणि इकडे माय शेजारी कान लावून बसलेली असते. तिला कमी ऐकू येतं असा फक्त तुझाच समज आहे. म्हणून नानांची रीत पुन्हा काढली. अवघड बोलणं असलं की नाना घरातल्या घरातसुद्धा चिठ्ठी लिहायचे, आठवतं ना?

ह्यांचा गुडघा थंडीत दुखला, आता बरा आहे. एस.टी.तून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, आणि पाहुणा आला की त्याला परतीची गाडी आधी सांगतात. माझी शाळा सुटली पण मास्तरीणपणा सुटलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

मायचं लिहायला बसले होते आणि भलतंच लिहीत बसले. ती जेवते, फिरते, माझ्या भाजीला नावं ठेवते, पण तिने कुंकवाचा करंडा बांधून कपाटात ठेवून दिलाय. तुला तिची सवय माहीत आहे. घरातून चांगल्या कामाला कागद निघाला की चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. माझा डी.एड.चा अर्जसुद्धा तसाच गेला होता आणि ऑफिसातला कारकून हसला होता. नाना गेले तेव्हा तिने कपाळाचं पुसलं, पण कागदाचं सोडलं नाही. भावकीतल्या बायका नाकं मुरडायच्या, विधवेच्या हातचं कुंकू म्हणून. तिने कधी भीक घातली नाही.

मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन जमनामावशीचा नातू खेमा आला, म्हणाला आजी, पहिल्या पाच पत्रिकांना तुमचा हात लागू द्या. तर हिने हात पदराखाली घेतले. म्हणाली, माझ्या हाताने कागद बाद होतो. भाऊ, दिवाळीत तू सांगितलंस ना, की मंडळाच्या निवडणुकीत तिने मताच्या पाकिटाला हळदकुंकू लावलं म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने ते न फोडता बाद केलं, ते तिने असं धरून ठेवलंय. त्या बायका खरं बोलत होत्या असं तिला आता वाटतं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

पेपरात वाचलं, संस्थांच्या निवडणुकांत टपालाने मतदान होतं त्याच्या सामानावर सरकार कायदा करणार आहे. मतपत्रिका, पाकिटं कोणी छापायची, कोणी वाटायची, कोणी गोळा करायची, सगळं. लोकांच्या हरकती-सूचना मागवल्यात आणि समिती जळगावला येणार आहे. एक कलम तर असं आहे की उमेदवाराने दुसऱ्याच्या पाकिटाला हातही लावायचा नाही. हे म्हणाले, घरोघरची पाकिटं गोळा करणाऱ्या भाऊंना आता पोस्टमन म्हणून काम मिळणार नाही. त्यात एवढं घालता येईल का रे, की म्हाताऱ्या माणसाने श्रद्धेने बोट लावलं तर मत बाद करू नये? तू मंडळाचा सहचिटणीस, तुला त्यातलं कळतं. आणि मायला तूच एकदा सांग की चूक तिची नव्हती. तुझं ती ऐकेल.

वहिनीला नमस्कार. बहिणीवरची माया उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.
तुझी, ललिता


जळगाव, १७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. ललितास,
गोपालचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून फळ्यावरचं आहे, वाचून बरं वाटलं. इकडे सर्व ठीक. वहिनीने पापड-कुरडयांचा घाट घातलाय, गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. जीवरामरावांना सांग, पोस्टमनची जागा गेली तर मी तुमच्या डेपोत अर्ज करीन.

तू ज्या कायद्याचं लिहिलंस तोच सध्या माझ्या डोक्याला ताप आहे. मुंबईत बसून मसुदे लिहिणाऱ्यांना खान्देशातल्या संस्था कशा चालतात ते काय माहीत? आमचे आजीव सभासद साक्रीपासून रावेरपर्यंत पसरलेले. निम्मे अंथरुणाला खिळलेले. त्यांचं पाकीट कोणी गोळा करायचं नाही, तर ते पोस्टापर्यंत चालत जाईल काय? एप्रिलमध्ये समितीची सुनावणी आहे आणि मंडळातर्फे मी बोलणार आहे. आमच्याकडचं टपाली मतदान आजवर स्वच्छ झालं, असल्या कायद्याची गरज नाही, असं निवेदन तयार केलंय.

त्यात एक अडचण आहे. बेबाबाई तिथे तक्रार घेऊन येणार असं ऐकतो. मंडळाच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून इतकी वर्षं राहिली, निवृत्त झाली, माझ्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहिली, पडली, आता म्हणते म्हाताऱ्यांची पाकिटं मध्येच गडप झाली. म्हणून जुन्या सभासदांची पत्रं जोडतोय. सोबत मायच्या नावाचं टाइप केलेलं पत्र आहे: मतदानाचं साहित्य वेळेवर मिळालं, स्वखुशीने मत दिलं, कसलीही तक्रार नाही. तिची सही घेऊन लवकर पाठव. तिच्या माहेरच्या जागेवर वसतिगृह उभं आहे, तेव्हा तिच्या सहीला वजन आहे.

वसतिगृहाबद्दल लोक काहीही उठवतील. पोरींना कोणी रस्त्यावर काढत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरी, त्यांना शहराच्या मधोमध जागा कशाला लागते? बाहेर हायवेला नवी इमारत होईल. ह्या जागेवर दुकानं निघाली तर मंडळच तगेल.

मायला सांग, कुंकवाचं मनाला लावून घेऊ नये, नियम तो नियम. आणि झालं गेलं मी मनात ठेवलेलं नाही. बेबाबाई दर संक्रांतीला वसतिगृहाच्या पोरी घेऊन तिच्या पाया पडायला यायची, त्याची तिने परतफेड केली, एवढंच मी समजतो. पोटचा मुलगा उभा असताना करायला नको होती. पण माय आहे, बोलायचं नाही.

मुलांना आशीर्वाद. सही विसरू नकोस, आणि लोभ ठेव.
तुझा, गोपाल


धुळे, २४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. भाऊ यांस,
ललिताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पोळ्या टाकून ते वाचायला बसले आणि तवा जळला. परत वाचलं. मग ह्यांना वाचायला दिलं, मला वाटतंय तेच लिहिलंय का बघा म्हणून. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

दिवाळीत तू सगळ्यांसमोर सांगितलंस की पाकीट न फोडता बाद झालं. कोपऱ्यावर खूण दिसली, अधिकाऱ्याने बाजूला टाकलं, आत काय होतं देव जाणे. हे तुझे शब्द, फराळाचं ताट तुझ्या हातात होतं. मग मायने बेबाबाईला मत दिलं हे तुला कोणी सांगितलं? मायने मला सांगितलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, मताचं विचारू नये. वहिनीने तिला नावं वाचून दाखवली खरी, पण फुली मारताना मायने वहिनीलासुद्धा खोलीबाहेर काढलं होतं. हे वहिनीनेच हसत सांगितलं होतं.

तुला पाकीट पोस्टात टाकायला दिलं होतं. एवढंच.

मी तुझ्यावर आळ घेत नाही. तू वकिली शिकलास आणि सोडलीस, मी पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवत जन्म काढला, तेव्हा एवढी वजाबाकी मला येते. पण तुझ्या तोंडून कळावं अशी इच्छा आहे. ते टाइप केलेलं पत्र डब्याखाली ठेवलंय. तुझं उत्तर येईपर्यंत मायसमोर काढणार नाही. आणि उत्तर सरळ दे. मंडळाच्या ठरावासारखं नको.

वहिनीला यातलं काही बोलू नकोस, तिचा काय दोष.
तुझी, ललिता


जळगाव, ५ मार्च २०२५

चि. सौ. ललितास,
अ. उ. आ.

धाकटी बहीण थोरल्या भावाची उलटतपासणी घेते हे नानांनी पाहिलं नाही ते बरंच झालं. रागात एक पत्र लिहिलं होतं, ते फाडलं. आता जे आहे ते लिहितो.

होय, मी फोडलं. कशासाठी ते आधी ऐकून घे. आमच्याकडे मतपत्रिका लहान पाकिटात घालतात आणि लहान पाकीट मोठ्या पाकिटात. नाव-सही मोठ्यावर. मोजणीच्या दिवशी मोठी पाकिटं फोडतात, लहान पाकिटं एकत्र मिसळतात, म्हणजे कोणाचं मत कोणाचं ते कळू नये. मायने मोठ्या पाकिटाला काही केलं नाही. लहानाला चारी कोपऱ्यांना बोटं लावली होती, आणि वरचं पाकीट इतकं पातळ की उन्हात धरलं की डाग दिसत होते. साऱ्या जळगावला तिची सवय माहीत. हॉलमध्ये ते लहान पाकीट वर आलं की लहान पोरानेही सांगितलं असतं, हे सुगंधाबाईंचं. बादच झालं असतं ते. म्हणून म्हटलं, आतली मतपत्रिका कोऱ्या पाकिटात घालावी, तिचं मत वाचेल. देवाशपथ, एवढ्याच हेतूने फोडलं.

आणि घडी उघडी पडली. माझ्या नावापुढे काही नाही. बेबाबाईपुढे फुली, कागद फाटेल एवढी दाबून मारलेली.

मग माझा हात पुढे गेला नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस ते प्रामाणिकपणे सांग. मी घरोघर सांगत फिरलो होतो की माझी माय माझ्यामागे आहे, जिच्या जागेवर वसतिगृह उभं आहे तीच मला मत देतेय. आणि घरातच ही गत. कोऱ्या पाकिटात घातलं असतं तर कोणाला कळलं नसतं हे मलाही समजतं. पण मला तर कळलं होतं ना. मी ते पाठवलं नाही. फाडलंही नाही, कपाटात आहे.

दिवाळीत तिने सगळ्यांदेखत विचारलं, माझं पाकीट पोचलं का रे. मला सुचलं ते मी बोललो. पुढे ती करंडा बांधून ठेवेल हे मला काय ठाऊक.

ललिता, समितीला काही लिहू नकोस. त्या कायद्यात असल्या गोष्टीला शिक्षा घालतायत. उभी हयात ह्या मंडळात घातली, आत्ता कुठे चार माणसं ओळखतात. घरचं घरात राहू दे. सही होत नसेल तर राहिलं, ते पत्र तू जाळून टाक. आणि हे पत्र मायला वाचून दाखवू नकोस, एवढी विनंती आहे.

लोभ ठेवणं न ठेवणं आता तुझ्या हाती.
तुझा भाऊ, गोपाल


धुळे, १२ मार्च २०२५

भाऊस,
सा. न.

तुझी शेवटची विनंती आम्ही शेवटीच वाचली.

तुला आपल्या घरची रीत माहीत आहे आणि तरी तू ती ओळ तळाशी लिहिलीस. कोणाचंही टपाल आलं की हे ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात आणि माय समोर धान्य निवडत ऐकते. तुझं मागचं पत्र माझ्या हातात पडलं म्हणून टळलं. हे पत्र आलं तेव्हा मी बाजारात होते. ह्यांना उलटतपासणी म्हणजे थट्टाच वाटली, आवाज चढवून वाचायला लागले. मग आवाज उतरला, पण मायने पुढे वाचायला सांगितलं. थांबायचं नाही म्हणाली. मायला वाचून दाखवू नकोस इथपर्यंत तिने सगळं ऐकून घेतलं. मी आले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि ती ज्वारीतले खडे काढत होती.

रडली नाही. दुपारी मला करंडा काढून द्यायला सांगितला. मग म्हणाली, त्या सरकारी माणसांना माझ्याकडून लिही.

मी तिला समजावलं, भाऊ अडचणीत येईल. तिने विचारलं, आणि मी कुठे होते इतके महिने? मी लिहिलं. तुझं नाव घातलेलं नाही, तिनेच घालू दिलं नाही. फक्त माझा मुलगा असं म्हटलंय. मागणी एकच आहे, की म्हाताऱ्या माणसाचं पाकीट घरातला उमेदवार नेणार नाही, सरकारचा माणूस दारात येऊन नेईल. तुझं टाइप केलेलं पत्र सहीविनाच आहे, ते मी जाळलं नाही. तुझंच आहे, सोबत परत पाठवते.

मला सगळ्यात कशाचा राग येतो सांगू? तू सत्तरेक मतांनी निवडून आलास. तिचं एक मत तिकडे गेलं असतं तर तुझं काय वाकडं होणार होतं? ते गेलं ते गेलं. पण तिच्या हाताला तू दोष लावलास आणि घरी जाऊन सुखाने जेवलास. भावकीतल्या बायकांना जे कधी जमलं नाही ते तू एका वाक्यात केलंस.

ह्या वेळी लोभाचं काही लिहीत नाही.
ललिता


धुळे, २० एप्रिल २०२५

चि. गोपालास,
सुगंधाबाईचे अ. उ. आ.

माय सांगते आणि मी लिहिते. तिच्या अहिराणी बोलण्याला जिथे हात लावायचा जीव झाला नाही तिथे लावलेला नाही. – ललिता

गोपाल, बेबाबाई येऊन गेली. कलेक्टर कचेरीत माझा कागद वाचला आणि तू खाली बघत होतास म्हणे. तिला त्यात गोड वाटलं नाही, तसं तिने सांगितलं, मलाही नाही वाटलं. माझ्या कागदाचं पाकीट बघून साहेबाने विचारलं हे डाग कसले, तर मागून कोणीतरी सांगितलं, सुगंधाबाईंचं कुंकू आहे ते. ते मी लावलं. मीच पोस्टाच्या पेटीत टाकलं, जावयाचा हात धरून गेले.

तू लिहिलंस, घरातच ही गत. मी तुझ्यावर उलटले नव्हते रे. माझ्या बापाने ती जागा मला दिली आणि मी पोरींना दिली. माझी धाकटी बहीण जमना यावलच्या शाळेत पहिली यायची, पुढे राहायला जागा नव्हती म्हणून तेराव्या वर्षी उजवली. तिला आठवून मी जागा दिली होती. तू दुकानं काढायची म्हणालास. मग मी फुली कुठे मारायची? तुला घास भरवायचा तर मी भरवीन, अजून भरवीन. पण मत म्हणजे काय घास आहे का? डोयाले कमी दिसस माले, पन येडी नही मी. माले बठ्ठं समजस, सगळं.

फोडलंस, मी ते गिळलं असतं. पाठवलं नाहीस, तेही. सकाळी उठून मी माझे हात बघायचे आणि म्हणायचे, नाना गेले तेव्हाच हे हात घरात ठेवायला पाहिजे होते. खेमाने एवढ्या हौसेने पत्रिका पुढे केल्या, मी त्या पोराला रिकामं पाठवलं. तिथे मला फार लागलं. तू एक फोन केला असतास की माय, तुझा दोष नव्हता, तर संपलं होतं.

आता अक्षय्यतृतीया, आपली आखाजी, आली. नानांच्या नावाची घागर भरायची ती जळगावच्या घरातच. आखाजीच्या आधी एक दिवस ये. मंडळाचं बोलू नकोस, वसतिगृहाचं बोलू नकोस, माफी तर मागूच नकोस. माझ्यासमोर बस आणि तेवढंच तोंडाने सांग, की कुंकवाचा दोष नव्हता. मग मी तुझ्याबरोबर गाडीत बसेन. सूनबाईला मांडे एकटीला जमत नाहीत, मी खापराशी बसेन, घागर आपण मिळून भरू, आणि पुन्हा हा विषय मी काढणार नाही. नाही आलास तर मी समजेन की तुला माय नको. मग परत बोलावणार नाही.

ललिता म्हणते फोन कर. फोन नाही करणार. पाकिटाला चारी कोपऱ्यांना लावलंय, बघून ओळखशील.

उन्हाचा फिरू नकोस, डोक्याला रुमाल बांधत जा.
तुझी माय


जळगाव, २ मे २०२५

सौ. ललितास,
आशीर्वाद.

परवा आखाजी झाली. नानांची घागर मी एकट्याने भरली. वहिनीने मांडे केले, फाटले, नैवेद्याला तसेच ठेवले.

सुनावणीचं तुला बेबाबाईकडून कळलंच असेल. नाव घातलं नव्हतंत, ते उपकार. हॉलमध्ये मंडळाचे सगळे होते आणि त्यांना नावाची गरज पडली नाही. त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतं. कायद्याचं म्हणशील तर तो समितीकडेच आहे, झाला तर पुढच्या निवडणुकीला लागू. आमची होऊन गेली. जागा मोकळी करायची नोटीस निघाली, त्यावर सही माझीच आहे. पोरी परीक्षा झाली की जातील. तेव्हा तुमच्या पत्राने काय साधलं ते तुम्हीच बघा.

आखाजीच्या आधी मायचं एक पाकीट आलं. कोपरे बघून ओळखलं. ह्या दोन महिन्यांत मला ऐकावं लागलं ते पुष्कळ झालं, आता तिचे शिव्याशाप वाचायची ताकद माझ्यात नाही. पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ते सोबत परत पाठवतो आहे. पुन्हा लिहायचे कष्ट घेऊ नयेत.

तिचं ते आधीचं, मताचं, तेही सोबत आहे. ते उघडं आहे. आत्ताचं हे मात्र मी फोडलेलं नाही. तिला कमी दिसतं, म्हणून मायला चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवून बघायला सांग.

गोपाल